पवईची दहा मिनिटं

संगणकाच्या पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडायच्या. एकीत ट्युटोरियलचा व्हिडिओ, दुसरीत जे शिकायचं आहे ते सॉफ्टवेअर. कानाला हेडफोन. व्हिडिओतला आवाज एक कृती सांगतो, ती पडद्यावर होताना दिसते. तिथेच व्हिडिओ थांबवायचा आणि तीच कृती आपल्या खिडकीत करून पाहायची. जमली तर पुढे, नाही तर मागे जाऊन पुन्हा ऐकायचं. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाची शिकवण्याची रीत ही अशी आहे. प्रत्येक धडा साधारण दहा मिनिटांचा.

विद्यापीठांनी आपली व्याख्यानं जगासाठी खुली करणं आता नवीन राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ साली ‘ओपनकोर्सवेअर’ची घोषणा केली आणि पुढे गिल्बर्ट स्ट्रँग यांचे रेषीय बीजगणिताचे तास, फळा-खडूसकट, जगभरातल्या विद्यार्थ्यांच्या घरी पोचले. आपल्याकडे सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये ‘एनपीटेल’ सुरू केलं. आज महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत हे नाव ऐकलेलं नाही असा विद्यार्थी सापडणं कठीण. या रेकॉर्डिंगचं मोल मोठंच आहे. पण वर्गातल्या तासाचं रेकॉर्डिंग मुळात समोर बसलेल्या मुलांसाठी असतं. प्राध्यापक त्यांचे चेहरे पाहून वेग कमी-जास्त करतात. कुणीतरी शंका विचारतं, ती आपल्याला ऐकू येत नाही, उत्तर तेवढं येतं.

पवईच्या प्रकल्पाने हे गृहीतच बदललं. त्याची उभारणी करणारे प्रा. कन्नन मौद्गल्य हे केमिकल इंजिनिअरिंगचे अध्यापक. केंद्र सरकारच्या, माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून त्याला पैसा मिळाला. शिकणाऱ्याजवळ शिक्षक नसेल, इंटरनेट धड चालत नसेल आणि इंग्रजी कानाला अवघड जात असेल, असं धरूनच आखणी झाली. विषयही त्याच हिशेबाने निवडले: लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सायलॅब, लाटेक, ब्लेंडर. ही सगळी मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे धडा फुकट आणि सॉफ्टवेअर मात्र विकत, असा प्रसंग येत नाही.

धडा रेकॉर्ड करण्याआधी तो लिहावा लागतो. कागदाचे दोन रकाने: डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे आवाज काय बोलेल. वाक्यं आखूड. ‘आता इथे क्लिक करा’ असं म्हणून भागत नाही. ‘इथे’ म्हणजे कुठे, कोणत्या मेनूतलं कोणतं बटण, हे शब्दांत यावं लागतं. संहिता लिहून झाली की ती विषयाशी अनोळखी असलेल्या माणसाच्या हातात देतात. तो वाचत वाचत एकेक पायरी करून पाहतो आणि जिथे अडतो तिथे संहिता दुरुस्त होते. जाणकाराची तपासणी वेगळी होते, रेकॉर्डिंग या सगळ्यानंतर. शिकवणाऱ्याचा चेहरा व्हिडिओत दिसत नाही. मला या साऱ्या खटाटोपात त्या अनोळखी माणसाची पायरी सर्वांत मोलाची वाटते. एखाद्या अध्यापकाच्या अनेक वर्षांच्या सवयीच्या तासाला अशी परीक्षा क्वचितच द्यावी लागते.

मग येतात भाषा. धडे भारतीय भाषांत डब केले जातात, मराठीतही. डबिंगच्या संहितेतही दोन रकाने असतात, एकात वेळ आणि दुसऱ्यात त्या क्षणी बोलायचं वाक्य. चित्र मूळचंच राहतं, त्यामुळे मराठी वाक्य तेवढ्याच सेकंदांत बसवावं लागतं. आपलं क्रियापद शेवटी येतं. पडद्यावर क्लिक होऊन जातं आणि आवाज अजून ‘करा’पर्यंत पोचलेला नसतो. चांगला अनुवादक वाक्य कापून, फिरवून ते जुळवतो. काही धड्यांतली मराठी पुस्तकी आणि अवघडलेली आहे, हेही सांगायला हवं.

पडद्यावरची अक्षरं मात्र मुद्दाम इंग्रजीतच ठेवली आहेत. नोकरीच्या जागी जे मेनू दिसणार तेच शिकताना दिसावेत, समजावणी तेवढी आपल्या भाषेत व्हावी. हा निर्णय मला पूर्ण पटतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला ‘फाइल’ आणि ‘सेव्ह’ या शब्दांची भीती नसते. भीती असते ती भरभर बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीची.

ही रीत संगणकापुरती राहिली नाही. बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली आरोग्य आणि पोषणावरचे धडे तयार झाले. बाळाला अंगावर पाजताना कसं धरायचं हे त्यांत बारकाईने दाखवलं आहे: डाव्या स्तनाला लावायचं असेल तर बाळ उजव्या हातावर, त्याचं डोकं उजव्या पंजात, अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे. बाळाने तोंड मोठं उघडलं की मगच जवळ घ्यायचं, नुसतं स्तनाग्र तोंडात देऊन उपयोग नाही. गावातल्या आशाताईने मोबाइलवर दाखवावं आणि समोरच्या आईने लगेच करून पाहावं, असा हा धडा. खिडक्या नाहीत, पण पद्धत तीच.

उणिवा आहेत. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलतात, धडे जुने होतात. पडद्यावरचं बटण आपल्याकडे दुसरीकडेच असतं. शिवाय हे धडे ‘कसं’ शिकवतात. ‘का’ समजून घ्यायचं तर एनपीटेलच्या लांब तासांकडे, स्ट्रँग यांच्या फळ्याकडेच जायला हवं. दोन्हींची गरज आहे.

हे धडे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर वाटा, श्रेय देऊन आणि तोच परवाना ठेवून बदलही करा; कुणाला विचारावं लागत नाही. नेट मंद असेल तर व्हिडिओ उतरवून पाहा, असं खुद्द धड्याच्या शेवटीच सांगितलेलं असतं.

इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, शेती मराठीतून उत्तम शिकवणारे प्राध्यापक आपल्या कॉलेजांत आहेत आणि त्यांतले बरेच निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना विनंती आहे: आपल्या सर्वांत चांगल्या तासाची आधी संहिता लिहा, विषय न शिकलेल्या एखाद्याकडून ती वाचून घ्या, मग मोबाइलवर का होईना, रेकॉर्ड करा. आणि खाली परवाना लिहायला विसरू नका. तो नसेल, तर ते रेकॉर्डिंग दुसऱ्या शिक्षकाला हक्काने बदलून पुढे वाटता येत नाही.