जुना लॅपटॉप दुरुस्त करावा की रिफर्बिश्ड घ्यावा? वर्गणीचा पैसा खर्च करण्याआधी हे तपासा



अमरावतीच्या आमच्या विहारातील अभ्यासिकेत एकच लॅपटॉप आहे. २०१७ साली वस्तीतून वर्गणी गोळा करून तो घेतला. शिष्यवृत्तीचे अर्ज, एमपीएससीचे जुने पेपर, ऑनलाइन शिकवणी, १४ एप्रिलची पत्रके, सगळे त्याच्यावरच. मागच्या वेळी शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला तो सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागली आणि अर्ज अर्ध्यावर असताना अडकला. आमची एक विद्यार्थिनी रात्री साडेनऊला उघडा सायबर कॅफे शोधत फिरली. अर्ज कसाबसा भरला गेला. त्याच रात्री आम्ही ठरवले, लॅपटॉप बदलायचा.

नवीन घेण्याइतके पैसे नव्हते. अकोल्यातील एका दुकानदाराने रिफर्बिश्ड लॅपटॉप दाखवला. "कंपनीतून आलेला माल आहे, विंडोज ११ टाकून देतो," असे तो म्हणाला. आगाऊ रक्कम देणार, तेवढ्यात आमच्यातील एकाने प्रोसेसरचा नंबर वाचला: आय५-६३००यू. आमच्या जुन्या लॅपटॉपचा नंबर आहे आय५-७२००यू. म्हणजे वस्तीचा पैसा देऊन आम्ही आमच्यापेक्षा एक पिढी जुने यंत्र घरी आणणार होतो! दुकानदार खोटे बोलला नव्हता. आम्हीच विचारले नव्हते. अशीच चूक इतर अभ्यासिकांची होऊ नये म्हणून हा लेख.

१४ ऑक्टोबरनंतर काय बदलले?

१४ ऑक्टोबर ही तारीख आपण विसरणे शक्य नाही. योगायोग असा की २०२५ साली याच दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. याचा अर्थ लॅपटॉप बंद पडला असा नाही. तो चालतो, पण सुरक्षेतील नव्या त्रुटी बुजवणारे मोफत अपडेट थांबले. ज्या यंत्रात आधार कार्ड, जातीचे दाखले आणि बँक पासबुकच्या प्रती पडून असतात, तिथे ही बाब किरकोळ नाही.

वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी एक वाढीव योजना आहे. तिच्यातून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. ही सोय म्हणजे श्वास घ्यायला मिळालेली सवड आहे, कायमचा तोडगा नाही.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत, एखाद-दुसरा अपवाद सोडला, तर ही यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. पिढी ओळखणे सोपे आहे. आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी. एएमडीचे क्रमांक असे सरळ नाहीत. तिथे मायक्रोसॉफ्टच्या यादीत मॉडेल शोधावे, किंवा पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप चालवून पाहावे.

इथेच बाजारातील मेख आहे. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांवर अट चुकवून विंडोज ११ टाकता येते आणि ते दिसतेही छान. पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणून "विंडोज ११ आहे का?" हा प्रश्न पुरेसा नाही. "प्रोसेसर कोणत्या पिढीचा?" हा खरा प्रश्न.

आधी आजार ओळखा

लॅपटॉप म्हातारा झाला असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात त्याचा एखादाच भाग थकलेला असतो.

सुरू व्हायला आणि फाइल उघडायला वेळ लागत असेल, तर बहुतेक वेळा दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली की फरक त्याच दिवशी कळतो. दोन-चार पाने उघडली की यंत्र अडखळत असेल, तर रॅम कमी पडते आहे. ती वाढवता येते का, हे मॉडेलवर अवलंबून आहे. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून विकत घेण्याआधी खोलून पाहा. २०२५ च्या अखेरपासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने मेमरीचे भाव चढले आहेत. मागच्या वर्षीचा भाव धरून बजेट करू नका.

वऱ्हाडात एक आजार जास्त आढळतो, तो उन्हाचा. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या वातावरणात वापरावा असे सांगतात. मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ पार जातो आणि आपल्या अनेक अभ्यासिका टिनाखाली भरतात. उष्णतेने बॅटरी लवकर झिजते. धुळीने पंखा तुंबतो आणि तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. एकदा खोलून धूळ काढणे आणि थर्मल पेस्ट बदलणे, एवढ्यानेच काही यंत्रे पुन्हा चालू लागतात. आणि हो, लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. ओल त्याला मानवत नाही.

मदरबोर्ड वारंवार बिघडत असेल, बिजागरीने बॉडी फुटली असेल, किंवा काम विंडोजशिवाय होत नाही आणि प्रोसेसर यादीबाहेरचा असेल, तर मात्र दुरुस्तीवर पैसा घालू नये. आमचा ठोकताळा असा: दुरुस्तीचा खर्च चांगल्या रिफर्बिश्ड यंत्राच्या निम्म्यापुढे गेला की थांबायचे.

आम्ही काय केले?

अमरावतीच्या लॅपटॉपला एसएसडी बसवली, रॅम ४ ची ८ जीबी केली आणि त्यावर लिनक्स मिंट टाकले. ते मोफत आहे, त्याचे अपडेट चालू आहेत आणि युनिकोड मराठी नीट लिहिता येते. अर्ज, पीडीएफ आणि व्हिडिओ यांना ते पुरते. एकच अडचण आली. आमची जुनी पत्रके श्रीलिपी आणि कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत आहेत. दुसऱ्या यंत्रावर तो टंक नसेल तर मजकुराच्या जागी नुसती अगम्य अक्षरे दिसतात. म्हणून यंत्र बदलण्याआधी सर्व जुन्या पत्रकांच्या पीडीएफ करून घेतल्या. महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम अजून चालू आहे. शिकवणीच्या काही कंपन्यांची ॲप लिनक्सवर चालत नाहीत, हेही आधी तपासून घ्या.

अकोल्यातील आमच्या सहकाऱ्यांचे उत्तर वेगळे निघाले. त्यांच्या लॅपटॉपचा बोर्ड दोनदा दुरुस्त झाला होता आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारे. त्यांनी दहाव्या पिढीचा रिफर्बिश्ड घेतला. दोन शहरांत प्रश्न एकच होता, पण निर्णय दोन झाले आणि दोन्ही बरोबर होते.

घेताना काय पाहावे?

कंपन्या तीन-चार वर्षे वापरून भाड्याचे लॅपटॉप परत करतात. त्यांतील थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांसारखी व्यावसायिक मॉडेल बाजारात येतात. ती दणकट असतात, सुटे भागही मिळतात. तरी दुकानात बसून एवढे करा.

१. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क सेटिंगमध्ये स्वतः वाचा. स्टिकरवर विश्वास ठेवू नका.

२. यंत्र समोर रिसेट करायला लावा आणि इंटरनेट जोडून पुन्हा सुरू करा. एखाद्या कंपनीचे लॉगिन मागितले तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या कुलपात आहे. बायोसला पासवर्ड असला तरी घेऊ नका.

३. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमतेच्या मानाने आजची क्षमता किती, ते त्यात दिसते. निम्म्याच्या आसपास असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा.

४. अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवा. पंखा, तापमान, कॅमेरा, माइक, सर्व बटणे, चार्जिंगचे तोंड आणि वायफाय तपासा.

५. सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून यंत्र कधीचे आहे ते पाहा.

६. सिरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहिलेले पक्के बिल घ्या. तोंडी वॉरंटी म्हणजे वॉरंटी नाही.

बिल हातात असेल तर कायदा आपल्या बाजूने उभा राहतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दिल्लीहून मागवलेल्या लॅपटॉपसाठी अमरावतीत दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा.

जुन्याचे काय?

जुना लॅपटॉप देण्याआधी त्यातील डेटा पूर्ण पुसा. फाइल डिलीट करणे म्हणजे पुसणे नव्हे. रिसेट करताना ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा, किंवा डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा. आपल्या मुला-मुलींचे दाखले त्यात आहेत. यंत्र अगदीच निकामी झाले असेल तर ते भंगारात घालू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे गेले पाहिजे.

शेवटी एक विनंती. अभ्यासिकेचा लॅपटॉप कोणा एकाचा नसतो. कुणी शंभर दिले, कुणी मजुरीतून वीस दिले. म्हणून काय बिघडले होते, कोणते पर्याय पाहिले, किती खर्च आला आणि हाच निर्णय का घेतला, हे एका पानावर लिहून बिलासह विहाराच्या फलकावर लावा. आम्ही लावले. पुढच्या वर्गणीला कोणी "मागच्या पैशाचे काय केले?" असे विचारले नाही. उलट एका काकूंनी विचारले, "माह्या नातीचा लॅपटॉप पाहून देता का?"

जयभीम! नमो बुद्धाय!