ओस रस्त्यांचे गुपित

जुन्या फोटोंतले रस्ते ओस दिसतात, म्हणून तेव्हा गर्दीच नसे असे नाही. १८३८ मध्ये फ्रेंच छायाचित्रकार लुई दागेर यांनी पॅरिसचा एक वाहता रस्ता टिपला. पण चित्र उमटायला काही मिनिटे लागत. चालती माणसे, घोडागाड्या त्यात उमटल्याच नाहीत. उरला तो बूट पॉलिशसाठी थांबलेला गृहस्थ!

माणसे दिसणाऱ्या जुन्या मुंबईच्या फोटोंत मात्र आधी डोकी पाहावीत. पगड्या, पागोटी, टोप्या. बोडका माणूस शोधावाच लागतो.

काळ ओळखायला ट्राम कामी येते. घोडे जुंपलेली असेल तर फोटो १८७४ किंवा त्यानंतरचा, विजेची असेल तर १९०७ ते १९६४ मधला. ३१ मार्च १९६४ला मुंबईत शेवटची ट्राम धावली.