गायरीतील कोष

कोकणात शेणखताच्या खड्ड्यास गायरी म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मसुरे गावासारख्या माडांच्या मुलुखात पावसाळ्यापूर्वी गायरी उपसू लागले, की पांढऱ्या, जाड अळ्यांबरोबर कधी कधी पिवळट तपकिरी रंगाची, बोटाच्या दोन पेरांएवढी एक निश्चल वस्तू फावड्यावर येते. पाहणारा तिला मेलेला किडा समजून टाकून देतो. वस्तुतः तो गेंड्या भुंग्याचा कोष होय.

हा भुंगा माडाचा मोठा शत्रू आहे. तो रात्री माडाच्या शेंड्यात शिरून न उमललेला कोंब पोखरतो. पुढे त्या झावळ्या उमलतात, तेव्हा त्या कात्रीने कापल्यासारख्या दिसतात. अळी मात्र माडाच्या वाटेस जात नाही. ती कुजलेले शेण व पालापाचोळा खाऊन काही महिने वाढते आणि मग खताखालच्या ओलसर मातीत एक कोठडी करून तीत कात टाकते. रेशमाच्या किड्याप्रमाणे ती स्वतःभोवती धागा विणीत नाही.

हा कोष तळहातावर उताणा ठेवून नीट पाहावा. सहा पाय पोटाशी दुमडलेले, पण एकमेकांपासून सुटे असतात. सुईच्या टोकाने ते अलगद उचलता येतील इतके सुटे! प्रौढ भुंग्याच्या पाठीवर पेटीच्या झाकणासारखे जे कठीण पंख असतात, ते येथे आखूड पिशव्यांसारखे असून बाजूंनी पोटाकडे वळलेले दिसतात. कुशींवर श्वासाची छिद्रे असतात. डोक्यावर शिंगाचा उंचवटा असतो. तो लांब असेल तर नर, आखूड असेल तर मादी. म्हणजे भुंगा होण्याआधीच त्याची ओळख पटते. कोषास तोंड असून तो काही खात नाही, पाय असून चालत नाही. मात्र स्पर्श होताच पोटाचे टोक वळवतो. या अवस्थेस झोप म्हणण्याची रूढी आहे. मला ती पटत नाही. आत जुनी शरीररचना मोडून नवी घडत असते, आणि इतके काम झोपेत होत नसते.

त्याच खतात आखूड पंखांच्या एका भुंगेऱ्याचेही कोष सापडू शकतात. हा भुंगेरा शेपटीकडचा भाग विंचवासारखा उचलून पळतो. त्याचा कोष पुष्कळच लहान असतो. याच्या काही जातींत कोषाचे पाय व पंख अंगाला जणू डिंकाने चिकटवलेले असतात, त्यामुळे कवच कठीण व सलग दिसते. मानेच्या ढालीच्या काठावर राठ केस असतात. पंखांच्या पिशव्या मुळातच आखूड, म्हणून पोटाचे वलयांकित खंड उघडे राहतात. हा भुंगेरा शेणातील माश्यांच्या अळ्या खातो. त्याचा नाश करणे म्हणजे घरच्या राखणदारास हाकलणे होय.

गेंड्याचा कोष सुमारे तीन आठवडे टिकतो. बाहेर पडलेला भुंगाही अंग कठीण होईपर्यंत काही दिवस कोठडीतच थांबतो. माडावर चढून भुंगा शोधण्यापेक्षा याच काळात त्यास गाठणे सोपे असते. याकरिता गायरी तळापर्यंत उपसावी, खालची मातीही वीतभर उकरावी, शिंगाचे मोठे कोष वेचून कोंबड्यांपुढे टाकावेत आणि लहान, सलग कवचाचे कोष खतात पुन्हा झाकून ठेवावेत.