जबल अलीचा समुद्र, बर्फ होऊन

सेंट मॉरिट्झ, झेरमाट, कुर्शवेल... आल्प्समधली ही श्रीमंत, बर्फाळ गावं माझा जुना नाद आहे. नोकरी मात्र लागली दुबईतल्या जबल अलीच्या फ्री झोनमध्ये, जिथे हिवाळा म्हणजे संध्याकाळी एसी बंद ठेवता येतो, एवढंच. नाद काही सुटला नाही. उलट, इथे राहूनच तो मला नीट कळला.

आधी मूळ गावाची थोडक्यात ओळख. सेंट मॉरिट्झमध्ये अशी कथा सांगतात की, 1864 मध्ये कुल्म हॉटेलचा मालक योहानेस बाद्रुट याने उन्हाळी मुक्कामाला आलेल्या चार इंग्रजांशी पैज लावली. ‘हिवाळ्यात या. नुसत्या शर्टावर उन्हात बसाल. नाही आवडलं तर प्रवासखर्च माझा.’ मंडळी नाताळच्या सुमारास आली आणि ईस्टरपर्यंत हलली नाहीत. पुढे 1928 आणि 1948 चं हिवाळी ऑलिंपिक तिथे झालं. गोठलेल्या तळ्यावर 1907 पासून घोड्यांच्या शर्यतीही होतात. इतिहास एवढा पुरे. लक्षात ठेवायचं ते असं, की बाद्रुटने पाहुण्यांना बर्फातलं ऊन विकलं.

दुबईने 2005 मध्ये बरोबर उलटा व्यवहार केला. जबल अलीहून रेड लाइन मेट्रोने मॉल ऑफ द एमिरेट्सला उतरायचं. दुकानांच्या गर्दीतून पुढे गेलं की काचेपलीकडे थेट डोंगरउतार दिसतो. हे ‘स्की दुबई’. 22,500 चौरस मीटर बंदिस्त जागा, पाच उतार, त्यांतला सर्वांत लांब 400 मीटरचा. वर जायला खुर्च्यांची लिफ्ट, मधल्या टप्प्यावर गरम चॉकलेट पाजणारं कॅफे. शेजारच्या हॉटेलात लाकडी आल्पाइन थाटाच्या खोल्याही केल्या, खिडकीतून घसरणारी माणसं बघत जेवायची सोय असलेल्या.

गावाहून आलेल्या माझ्या आत्याला तिथे नेलं होतं. साडीवर भाड्याचं जाड जाकीट, पायात जड बूट. आत शून्याखालची थंडी. ती म्हणाली, “एवढे पैसे देऊन थंडी घ्यायची? आमच्या निफाडला फुकट पडते की!” मग तिथे पाळलेले पेंग्विन आले आणि तिने निफाडचं नाव काढलं नाही. तिला बाहेर काढायला आम्हालाच विनवण्या कराव्या लागल्या.

पण माझा जीव अडकला तो या बर्फाच्या जन्मकथेत. दुबईला बारमाही नदी नाही, पाऊस नावापुरता. नळाचं पाणी जवळपास सगळं समुद्राचं, आणि त्याचा मोठा कारखाना आमच्या जबल अलीच्या किनाऱ्यावर. एकाच जागी एवढं पाणी गोडं करणारा दुसरा प्रकल्प जगात नाही. क्षमता दिवसाला सुमारे 49 कोटी इंपीरियल गॅलन. वीज करून उरलेल्या वाफेच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी तापवतात आणि एकामागून एक कप्प्यांत सोडतात. प्रत्येक कप्प्यात हवेचा दाब आधीच्यापेक्षा कमी. महाबळेश्वरला चहाचं आधण कोकणापेक्षा थोड्या कमी तापमानालाच उकळतं, तेच इथे यंत्राने घडवून आणलेलं. दाब उतरला की पाणी भसकन उकळतं, वाफेचं थंड नळ्यांवर गोडं पाणी होतं आणि मीठ खाली राहतं. आता काही पाणी पडद्यातून गाळूनही काढतात, पण जबल अलीची मुख्य भिस्त वर्षानुवर्षं या उकळण्यावरच राहिली आहे.

हेच पाणी पुढे मॉलपर्यंत जातं. रात्री गिऱ्हाईक गेल्यावर आतलं तापमान आणखी उतरवतात आणि छताजवळच्या तोट्यांतून पाणी व दाबलेली हवा एकत्र फवारतात. बारीक थेंब हवेतच गोठून खाली पडतात. बर्फाखालून शीतद्रव्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात, म्हणून तळही टिकतो. सकाळी पोरं ज्यावरून घसरतात, तो थोड्याच काळापूर्वी आखाताचा खारट समुद्र होता, आणि वाटेत तो उकळूनही आला!

यावर कोणी ‘नकली’ म्हणून नाक मुरडलं की मी त्यांना आल्प्सकडे बोट दाखवतो. स्वित्झर्लंडमधल्या स्कीच्या निम्म्याहून अधिक उतारांवर आज यंत्राने बर्फ पाडायची सोय आहे. बीजिंगचं 2022 चं हिवाळी ऑलिंपिक तर जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम बर्फावर झालं. आणि खरा बर्फही भरवशाचा नाही. 1928 मध्ये सेंट मॉरिट्झलाच अचानक उबदार वारे सुटले, बर्फ पाणावला आणि दहा हजार मीटरची स्केटिंग शर्यत रद्द करावी लागली.

खटकतं ते वेगळंच. वाळवंटात गारवा राखायला वीज लागते, आणि जबल अलीची वीज मुख्यतः नैसर्गिक वायूची. हा हिशेब तिकिटावर छापलेला नसतो. तरीही मी हा खेळ निषिद्ध मानत नाही. ऐषारामी गिरिस्थानाचं खरं आकर्षण बर्फात कधीच नव्हतं. हवी तेवढीच थंडी घ्यायची आणि नकोशी झाली की ऊबेत शिरायचं, ही मुभा तिथे विकली जाते. बाद्रुटने ती 1864 मध्ये ओळखली, दुबईने तिला छप्पर घातलं.

तुम्ही दुबईला आलात तर स्की दुबईला जुलै-ऑगस्टमध्ये जा, बाहेर चाळीसच्या वर पारा असताना. आणि त्याआधी एकदा शेख झायेद रस्त्याने जबल अलीपर्यंत येऊन वीजकेंद्राच्या चिमण्या पाहून घ्या. त्या पाहिल्याशिवाय त्या बर्फाची खरी किंमत कळायची नाही.