‘का करून राहिला?’ची जपानी

इंग्रजीत प्रश्न विचारायचा म्हणजे क्रियापद उचलून पुढे आणा, नाहीतर ‘डू’ आणि ‘डझ’चा टेकू लावा. शाळेत वर्षानुवर्षं हेच घोकलेली नागपूरची मुलं जपानीच्या पहिल्या वर्गात बसतात ती याच कटकटीची धास्ती घेऊन. शिक्षिका फळ्यावर लिहितात, ‘मिरा-सान वा काइशाइन देस’. ‘मिन्ना नो निहोंगो’ या 1998पासून चालत आलेल्या पाठ्यपुस्तकातला हा मिलर. जपानी उच्चारात त्याचा मिरा होतो आणि निम्म्या वर्गाला वाटतं, कुण्या मीराची गोष्ट चालू आहे. मिलर कंपनीत नोकरीला आहे, एवढाच अर्थ. मग त्या वाक्याच्या शेवटी एक अक्षर जोडतात: ‘का’. मिलर कंपनीत आहे का?

‘बस, एवढंच?’ मागच्या बाकावरून आवाज येतो.

एवढंच. शब्दांचा क्रम जागच्या जागी, क्रियापद शेवटी आणि त्याच्याही मागे ‘का’. दोन्ही भाषांचं कूळ वेगळं, त्यामुळे हा निव्वळ योगायोग. पण तो इथेच संपत नाही. ‘सो देस का’चा सूर वर नेला की प्रश्न होतो, खाली सोडला की आपलं ‘असं का!’ होतं, ज्याला उत्तर लागत नाही. हे शिकवावंच लागत नाही.

फसगत होते ती ‘काय’ आलं की. मराठीत ‘हे काय आहे?’ म्हटल्यावर पुन्हा ‘का’ लागत नाही. जपानीच्या सभ्य बोलीत ‘कोरे वा नान देस का?’ असं शेपूट हवंच. मुलं ‘देस’वर थांबतात आणि शिक्षिका भुवया उंचावून वाट पाहत राहतात. पुढचा खड्डा ‘कोण’चा. ‘वा’ हा प्रत्यय पहिल्या दिवसापासून इतका अंगवळणी पडलेला असतो की ‘कोण येणार?’साठी ‘दारे वा’ तोंडातून निघून जातं. तिथे ‘दारे गा’ म्हणायचं, आणि उत्तरातही ‘गा’च.

आता खास नागपूरकरांची सोय. ‘काय करतो आहेस?’ला जपानीत ‘नानि ओ शिते इमास का?’ म्हणतात. यातलं ‘शिते’ म्हणजे ‘करून’ आणि ‘इमास’ म्हणजे सजीवाचं असणं, राहणं. पुस्तकी मराठीतलं ‘करत आहे’ या साच्यात नीट बसत नाही. वऱ्हाडी-नागपुरीतलं ‘का करून राहिला?’ मात्र चपखल बसतं. जेवून राहिलो, ‘ताबेते इमास’. वाचून राहिलो, ‘योन्दे इमास’. ज्या बोलीवरून पुण्यात चेष्टा होते, तीच इथे गाइडचं काम करते. ‘शिते मिरु’ तर सरळ ‘करून पाहणे’. ‘मिरु’ म्हणजे पाहणे. भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मसिका यांनी 1976 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ‘करून’सारख्या रूपांचा माग भारताबाहेर थेट जपानपर्यंत काढला होता. जपानच्या राष्ट्रीय भाषासंस्थेत काम केलेले प्रशांत परदेशी यांनीही मराठी आणि जपानीची तुलना केली आहे. वर्गात अर्थात ही नावं कुणी घेत नाही.

वस्तू दाखवून विचारायची वेळ येते तेव्हा तर्री पोह्यांचा डबा उघडतो. डबा माझ्या हातात असेल तर तो ‘कोरे’, समोरच्याच्या हातात गेला की ‘सोरे’, आणि खिडकीबाहेर जाणारी मेट्रो दोघांपासूनही लांब, म्हणून ‘आरे’. मराठीत ‘हे’ झालं की उरलेलं सगळं ‘ते’. त्यामुळे डबा हातोहात फिरू लागला की वर्गाची त्रेधा उडते. ‘सोरे वा कराई देस का?’, म्हणजे ते तिखट आहे का? ‘इइए’, नाही, असं सांगणाऱ्याच्या कपाळावर घाम आलेला असतो. चौथं अक्षर ‘दो’ प्रश्नाचं: दोरे, दोको, दोनो. आपलं कोणतं, कुठे, कुठला जसं ‘क’वर चालतं, तसंच हे. संत्र्याला जपानीत ‘मिकान’ म्हणतात. नागपूरच्या मिहान प्रकल्पाशी त्याचा काही संबंध आहे का, हे प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारतंच. नाही. ‘मिकान वा इकुरा देस का?’, केवढ्याला, हा प्रश्न सगळ्यांत लवकर पाठ होतो.

गंमत म्हणजे ‘एन 5’ या पहिल्या पायरीच्या परीक्षेत तोंडी भागच नाही. वाचन, श्रवण, शब्द, व्याकरण. उत्तरं पर्यायांतून निवडायची. एकही प्रश्न न विचारता विद्यार्थी पास होऊ शकतो. म्हणून सरावासाठी माणसं शोधावी लागतात. कामठीचं ड्रॅगन पॅलेस टेम्पल 1999मध्ये ओगावा सोसायटीच्या मदतीने उभं राहिलं, दीक्षाभूमीही शहरातच, तेव्हा जपानी पाहुणा दिसण्याची आशा तरी इथे असते. पाहुणा भेटलाच तर ‘आनाता’, म्हणजे ‘तुम्ही’, टाळायचं. नाव माहीत असेल तर त्याला ‘सान’ लावायचं. नसेल तर ‘शित्सुरेइ देस गा, ओनामाए वा?’, माफ करा, आपलं नाव? वाक्य अर्धंच सोडायचं. पगार किती, लग्न झालं का, हे आपल्याकडचे ओळखीचे प्रश्न मात्र शिक्षिका आधीच बाद करून टाकतात.

सगळ्यांत जास्त गोंधळ आमंत्रणाचा. ‘इश्शोनि इकिमासेन का?’ शब्दशः ‘बरोबर जात नाही का?’ मराठी कानाला त्यात तक्रार ऐकू येते आणि मुलं इमानदारीत ‘हाय, इकिमासेन’, म्हणजे ‘हो, जात नाही’ असं उत्तर देतात. खरं तर समोरचा अदबीने ‘येता का?’ विचारत असतो. यायचं असेल तर ‘एए, इइ देस ने’. नसेल तर ‘दोयोबी वा चोत्तो...’, शनिवारी जरा..., इतकंच बोलून गप्प बसायचं. पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं.

‘चोत्तो’ सगळ्यांना येतं. त्यानंतर गप्प बसणं काही जमत नाही. शनिवारी मावसबहिणीचं लग्न आहे, ते काटोलला आहे आणि सकाळच्याच बसने निघायचं आहे, हे सगळं मोडक्या जपानीत सांगूनच माणूस खाली बसतो.