दिवा कपाळावर की छातीवर?

शेतीपंपाची वीज अनेक गावांत अजूनही पाळीपाळीने रात्रीची येते. उसाला पाणी द्यायचं तर अंधारात रानात जावंच लागतं. एका हातात बॅटरी धरून फावडं चालत नाही, मग दारं धरताना, म्हणजे पाणी वळवताना, ती बॅटरी बगलेत जाते, नाहीतर दातांत. अशा माणसाला कॅपला किंवा खिशाला अडकवायचा बोटभर लांबीचा एलईडी दिवा फार कामाचा. खांबावर चढलेल्या वायरमनला आणि बॉनेटमध्ये डोकं घातलेल्या मेकॅनिकलाही. बाजारात असे दिवे ढिगाने मिळतात. पण खोक्यावरचा मजकूर वाचून दिवा निवडायला गेलात, तर फसण्याचीच शक्यता जास्त.

खोक्यावर सगळ्यात ठळक आकडा असतो ल्युमेनचा, म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचा. समजा, लिहिलंय ‘1000 ल्युमेन, 8 तास’. आत बॅटरी आहे 500 मिलीअँपिअर-तासांची, 3.7 व्होल्टची. दोन्हींचा गुणाकार केला की साठवलेली ऊर्जा निघते : 1.85 वॅट-तास. चांगला पांढरा एलईडी एका वॅटमागे शंभर ते दीडशे ल्युमेन देतो. आपण 120 धरू. हजार ल्युमेनला आठ वॅटांहून जास्त लागतील आणि बॅटरी जेमतेम तेरा मिनिटांत संपेल. आठ तास खरे मानले, तर सरासरी प्रकाश उरतो 28 ल्युमेन. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत. शिवाय एवढ्याशा प्लॅस्टिकच्या डबीत आठ वॅटांमुळे होणारी उष्णता जाणार कुठे?

नामांकित दिवेही इथे थोडी हातचलाखी करतात, पण नियमात राहून. अमेरिकेत 2009 मध्ये आलेल्या ‘एफएल-1’ या मानकानुसार, प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर घसरेपर्यंतचा सगळा वेळ ‘चालण्याचा वेळ’ म्हणून मोजला जातो. म्हणजे दिवा पहिली दहा मिनिटं झगझगीत आणि पुढचे कित्येक तास मिणमिणता असला, तरी लेबल खोटं ठरत नाही.

गंमत म्हणजे, हातातल्या कामाला हजार ल्युमेन लागतच नाहीत. वीस ल्युमेनचा दिवा घ्या, झोत साठ अंशांत पसरणारा. कॅपपासून चाळीस सेंटिमीटरवरच्या हातांवर तो सुमारे 120 लक्स, म्हणजे चौरस मीटरमागे 120 ल्युमेन, प्रकाश टाकतो. बारीक स्क्रू शोधायला तेवढा पुरे. दोन मीटरवर त्याचे पाचच लक्स उरतात, कारण अंतर पाचपट झालं की प्रकाश पंचवीसपट विरळ होतो. तरीही निरभ्र रात्रीचं पूर्ण चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं, हे लक्षात घेतलं तर पायवाटेला पाच लक्स म्हणजे चैनच.

माझ्या मते खरा प्रश्न दिवा अडकवायचा कुठे, हा आहे. कॅपच्या कडेला लावलेला दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो. नजर वळेल तिकडे झोत वळतो आणि वस्तूची सावली तिच्या मागे दडते. वायर जोडताना हे उत्तम. चालताना मात्र तीच सोय नडते. सावलीच दिसत नसल्याने खड्डा, दगड, मुळी सगळं सपाट भासतं. तोच दिवा छातीवर किंवा कमरपट्ट्याला लावला, की प्रकाश तिरपा पडतो, दगडामागे सावली उमटते आणि वाटेचे चढउतार कळू लागतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या धुक्यात तर कपाळावरचा दिवा काढाच. डोळ्यांसमोरचे थेंब उजळून पांढरा पडदा उभा राहतो. गाडीचे फॉग लाइट खाली बसवतात ते याचमुळे.

म्हणून एकाच कोनात घट्ट बसवलेला दिवा घेऊ नका. दिव्याची मान वळवता आली पाहिजे. क्लिप कॅपला लावून दुकानातच जोरात मान हलवा आणि दोन-चार उड्या मारा. दुकानदार हसेल, हसू द्या. जड दिव्याने कॅपची कड डोळ्यांवर येते, तेही तिथेच कळेल.

रंगाकडेही लक्ष द्या. बहुतेक पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश निघतो आणि त्यावरचं पिवळं रसायन तो पांढरा करतं. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झालं, त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त दिव्यात बहुधा निळा जास्त आणि लाल कमी असतो. मग लाल आणि तपकिरी वायर एकसारख्या दिसतात आणि निळसर प्रकाशावर किडेही जास्त येतात, तेही थेट तोंडावर. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरून पाहा : पडद्यावर पट्टे सरकताना दिसले, तर दिवा भराभर उघडझाप करतोय. अशा प्रकाशात काही जणांचं डोकं दुखतं.

पावसात वापरायचा तर निदान ‘आयपीएक्स-4’ लिहिलेलं हवं. असा दिवा कुठूनही उडालेले शिंतोडे सोसतो. पाटात पडण्याची भीती असेल तर ‘आयपीएक्स-7’ बघा, तो मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. आणि बॅटरीची क्षमताच छापलेली नसेल, तर ल्युमेन कितीही लिहिलेले असोत, ते खोकं परत फळीवर ठेवा.