गिनीपिगची अबोल तक्रार

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतप्रदेशातला. तेथे तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळला, तरी हिंस्र पशूंचे भक्ष्य ठरणाऱ्या जीवाची उपजत सावधगिरी त्याने अद्याप सोडलेली नाही. दुर्बळ दिसेल तो आधी बळी पडेल, या भयाने तो आपली व्याधी शक्य तितका काळ लपवतो. सबब त्याच्या वर्तनात एकाएकी पडलेला फरक हीच बहुधा त्याची पहिली तक्रार असते, आणि ती उशिरानेच दाखल झालेली असते.

गैरसमज : काल मांडीवर बसणारा आज चावतो, म्हणजे तो स्वभावानेच बिघडला.
वस्तुस्थिती : वयात येणाऱ्या नरांची आपसांतील भांडणे वगळता, अशा चिडखोरपणामागे पुष्कळदा वेदना असते. मूत्राशयातील खडे, मादीच्या बीजकोशातील गाठी किंवा खरजेचे सूक्ष्म परजीवी यांपैकी काहीही त्याच्या मुळाशी असू शकते. खरजेची खाज तर कधी कधी इतकी अनावर होते की प्राण्याला झटके येतात. कोवळ्या, निरोगी पिलाने आनंदाने जागच्या जागी घेतलेल्या उड्या मात्र झटके समजू नयेत.

गैरसमज : एखादा दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर पोटाला विश्रांतीच मिळते.
वस्तुस्थिती : गवतातील तंतू अखंड पुढे सरकत राहावेत, अशीच या प्राण्याच्या आतड्याची रचना असल्यामुळे, खाणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते, वायू साचतो आणि त्या वेदनेने उरलीसुरली भूकही मरते. अर्धा दिवस अन्न वर्ज्य झाले, लेंड्या बारीक वा बंद झाल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. अन्नाजवळ येऊन ते न उचलणारा, हनुवटी लाळेने ओली झालेला गिनीपिग बहुधा दातांनी पीडलेला असतो. कारण त्याचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढतच राहतात.

गैरसमज : सुस्ती आणि लंगडणे ही म्हातारपणाची लक्षणे.
वस्तुस्थिती : माणसाप्रमाणेच गिनीपिगलाही ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. 1907 साली होल्स्ट व फ्रोलिक या नॉर्वेजियन संशोधकांनी या जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्हीचा अभ्यास केला, तो याच प्राण्यावर. आहारात ढोबळी मिरचीसारखा ‘क’ जीवनसत्त्वाचा स्रोत नसेल, तर सांधे दुखू लागतात आणि तरुण प्राणीही हालचाल टाळतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो आडवा पडून धापा टाकू लागला, तर तो उष्माघात समजून त्यास गार जागी न्यावे, अंगाला ओलसर फडका लावावा आणि इलाजास विलंब करू नये. बर्फ मात्र लावू नये.

गैरसमज : घरात उरलेले अँटिबायोटिक थोडेसे द्यायला काय हरकत आहे?
वस्तुस्थिती : पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांसारखी औषधे पोटात गेल्यास आतड्यातील उपकारक जंतूंचा नाश होऊन हा प्राणी दगावू शकतो.

या सर्व गफलतींवर एक उपाय स्वयंपाकघरातच आहे. दर आठवड्याला ठराविक वेळी त्याचे वजन काट्यावर घेऊन वहीत नोंदवावे, आणि आजारपणात रोज. वागण्यात काही दिसण्यापूर्वीच वजनातील घट पुष्कळदा आजाराची साक्ष देते. आणि वर्तन पालटलेच, तर ‘केव्हापासून’ या पशुवैद्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत तयार असते.